कडक भाकरी, आई आणि गल्लीतली राणी

२०२५ च्या उन्हाळ्यात आईला पॅरालिसिसचा झटका आला आणि ती जरा सावरतेय तोवर ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्सला आहे. एक्स्पोर्टच्या ऑर्डरी अडकल्या, शिफ्टी कमी झाल्या, पगार तुकड्यातुकड्यात यायला लागला. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हीच कथा, त्यामुळं त्यावर जास्त रडत बसत नाही. राणीबद्दल लिहायचंय.

राणी म्हणजे आमच्या गल्लीतली तपकिरी कुत्री. एका कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी झालेली, ही खूण पुष्कळ जणांना माहितच नसते, लोकांना वाटतं भांडणात कान तुटला. आधीपासून गल्लीतच होती पण मी कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या मे महिन्यात ऊन ४३-४४ वर, ती आमच्या जिन्याखाली जीभ बाहेर काढून पडलेली असायची. कुत्र्यांना आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच अंग गार करतात बिचारी, म्हणून एक जुनं पातेलं पाण्यानं भरून ठेवलं. आता सोलापुरात पाणी चार-पाच दिवसाआड येतं, पाण्याच्या दिवशी सगळी गल्ली घागरी, बॅरल, बादल्या घेऊन पळत असते, त्यात कुत्रीसाठी वेगळं पातेलं म्हटल्यावर बायकोनं माझ्याकडं जे बघितलं ते काय सांगू. पण ठेवलं.

आणि एक गंमत झाली. तोवर मी दारात दिसलो की प्रत्येकजण एकच विचारायचा, आई कशी आहे. चांगल्या मनानं विचारायचे, तक्रार नाही, पण दिवसातनं सतरांदा तेच तेच उत्तर देऊन तोंड कडू व्हायचं. राणी माझ्या मागं मागं फिरायला लागली तसं लोक तिच्याबद्दल विचारायला लागले. शेजारच्या अक्का दारात सूप घेऊन विड्या वळत बसतात, त्या ओरडायच्या, "काय ओ, तुमची राणी माझ्या भिजवलेल्या पानांवर बसलालीय बघा!" मग मी पळायचो, तिला हाकलायचो, अक्का शिव्या द्यायच्या आणि हळूच अर्धी चपाती पण टाकायच्या. त्या पाच मिनिटांत औषधं, बीपी, फिजिओची फी यातलं काहीच डोक्यात नसायचं. मला तेवढंच पाहिजे होतं बहुतेक.

आईचं सांगतो. आईचा उजवा हात गेला होता आणि बोलणं पण अडखळत होतं. फिजिओवाल्या ताई रबरी बॉल दाबायला द्यायच्या, आई दोनदा दाबून बाजूला ठेवून द्यायची, वर माझ्याकडं रागानं बघायची. एक दिवस राणी सरळ उंबरा ओलांडून हॉलमध्ये आली आणि आईच्या तोंडून शब्द निघाला, "हाड!" एकदम खणखणीत. इतके दिवस माझं नाव नीट निघत नव्हतं आणि हे निघालं. मी हसू का रडू अशी अवस्था. ताई म्हणाल्या असं होतं, सवयीचे शब्द कधी कधी आधी सुटतात.

आता आई गुरुवार कडक पाळणारी, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला कित्येकदा चालत गेलेली, घरात दत्ताचा मोठा फोटो, फोटोत पायाशी चार कुत्री, त्यांना ती रोज हळद-कुंकू लावणार. आणि खरं कुत्रं दारात आलं की काठी. मी हे बोललो की म्हणायची ते चार वेद आहेत, हिला काय येतंय.

पण तीच आई पुढं तिला भाकरी द्यायला लागली. कडक भाकरी आमच्याकडं डब्यात कायम असते, ती मोडायला चांगला जोर लागतो, ज्यांनी मोडली त्यांना माहितीय. आई डाव्या हातानं भाकरी धरायची आणि उजव्या हाताच्या बोटांनी तुकडा पाडायला बघायची. सुरुवातीला अख्खी भाकरी खाली पडायची, राणीची मज्जा. ओरडून काही उपयोग नाही, बॉल दाबायचा तिला कंटाळा पण भाकरी मोडायला दहा दहा मिनिटं बसायची. राणीमुळं हात बरा झाला असं मी म्हणत नाही, फिजिओ आणि गोळ्या चालूच होत्या, आणि अजूनही बटण लावता येत नाही. पण संध्याकाळी पाच वाजले की ती स्वतः डब्याकडं हात करते. फक्त शेंगा चटणी लावलेली नको, तिखट आणि लसूण कुत्र्यांना चालत नाही, हे आईला पटवायला मात्र लई दिवस गेले. चटणीशिवाय भाकरी म्हणजे तिच्या मते पाहुण्याचा अपमान.

जपानमधल्या संशोधकांचा २०१५ सालचा एक अभ्यास आहे, 'सायन्स'मध्ये छापून आलेला, की कुत्रं आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यात बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, तेच जे आई आणि बाळात वाढतं. असेल. राणी बघते ते माझ्या डोळ्यांकडं का हातातल्या पिशवीकडं हे मला अजून कळलेलं नाही.

आणि हो, कुत्रं चावलं तर ते दुःख खरं असतं, रात्री टू-व्हीलरमागं कुत्री लागली की काय होतं ते मलाही माहितीय. चावलं तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला जायचं, हळद-चुना लावत बसायचं नाही. कुत्र्यांवर प्रेम करणारे आपण लोक हे बोलायचं टाळतो, ते बरोबर नाही.

यंदा गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेला, आईला नेता आलं नाही. नंदीध्वजांची मिरवणूक तिनं कधी चुकवली नव्हती. अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धरामेश्वरांचं प्रतीकात्मक लग्न, मोबाईलवर लावला, सम्मती कट्ट्यावर सम्मती वाचन सुरू झालं तसं आईनं उजव्या हातानं अक्षता मोबाईलवर टाकल्या, निम्म्या खाली सांडल्या आणि राणीनं त्या चाटून साफ केल्या. आई म्हणाली, "लग्नात जेवली गं बाई." चार शब्द सलग!

आता या रविवारी राणीची रेबीजची लस आहे. तिला धरणार कोण यावरनं घरात वाद चालू आहे, मागच्या खेपेला मी धरली होती तर दोन दिवस माझ्याकडं बघत पण नव्हती. अक्कांना विचारलं तर म्हणाल्या मी धरते, पण मग ती आमची झाली, नाव पण मीच ठेवणार. आईला अजून सांगितलेलं नाही.