स्कायलरची बाजू मी का घेते: तुम्ही विचारलंत म्हणून

'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन टीव्ही मालिकेचा विषय निघाला की तुम्ही त्या स्कायलरसाठी एवढ्या का भांडता? ऑफिसातली पोरं विचारतात, विश्रामबागेतल्या मैत्रिणी विचारतात, आणि पुण्याला शिकणारा माझा भाचा सुट्टीला सांगलीत आला की हमखास विचारतो. दर वेळी काहीतरी बोलून मी विषय बदलते. आता एकदा सगळंच लिहून टाकते.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यापुरतं सांगते. अमेरिकेतल्या अल्बुकर्कीत रसायनशास्त्र शिकवणारा वॉल्टर व्हाइट, त्याला कॅन्सर निघतो. बायकोमुलांसाठी मागं काहीतरी ठेवायचं म्हणून तो मेथ हा अमली पदार्थ बनवायला लागतो. 2008 ते 2013, पाच सीझन, 62 भाग. स्कायलर त्याची बायको.

तुमचं म्हणणं मला पाठ झालंय. नवरा घरासाठी जिवावर उदार झालाय आणि ही बाई सारखी कटकट करते. तिकडंही लोक हेच म्हणत होते. शेवटी 2013 च्या ऑगस्टमध्ये स्कायलरचं काम करणाऱ्या ॲना गन या अभिनेत्रीनं 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला, कारण स्कायलरवरचा राग लोक तिच्यावर काढायला लागले होते. वॉल्टर माणसं मारतो, एका लहान पोराला विष देतो, साथीदाराची मैत्रीण जेन डोळ्यांदेखत गुदमरत असताना नुसता उभा राहतो. तरी लोकांचा जीव त्याच्यात. आणि "घरात काय चाललंय ते मला सांग" म्हणणारी बाई मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत खुपते.

ती काही धुतल्या तांदळासारखी नाही, हे मलाही दिसतं. ती गरोदरपणी सिगारेट ओढते. तिचा साहेब टेड, त्याच्या कंपनीच्या खोट्या वह्या तिच्या लक्षात येतात, तरी ती गप्प बसते, पुढं त्याच्याशी संबंधही ठेवते. नवऱ्याचा काळा पैसा पांढरा करायला कार वॉश घ्यायची कल्पना तिचीच. नवरा जुगारात जिंकला ही गोष्ट ती इतकी बेमालूम रचते की सख्खी बहीण फसते. पहिल्यांदा मालिका बघितली तेव्हा मलाही ती नको वाटायची. तेव्हाची मी आज समोर बसली तर मला विचारेल, अगं, तिनं पैसे मोजलेच ना? मोजले. यावर माझ्याकडं उत्तर नाही. पण मग मी तिला विचारीन, पहिल्याच सीझनमधलं एलियटचं प्रकरण तू विसरलीस का?

वॉल्टरचा जुना भागीदार एलियट त्याला नोकरी देऊ करतो, त्यात आजारपणाचा विमाही असतो. पुढं एलियटची बायको ग्रेचन उपचाराचा सगळा खर्च करायला तयार होते. घर वाचवायचं होतं तर ते तिथंच वाचलं असतं. वॉल्टर नाही म्हणतो. ज्या कंपनीतला आपला वाटा त्यानं पाच हजार डॉलरला सोडून दिला होता, तिच्या मालकांचे उपकार त्याला नको असतात. पुढं शेवटच्या सीझनपर्यंत तो "घरासाठी, घरासाठी" म्हणत राहतो. तो प्रसंग दुसऱ्यांदा बघताना मी टीव्ही बंद करून उठले होते. का, ते आता सांगते.

आमच्या दादाची हळदीची अडत. वडिलांच्या वेळेपासूनची, मार्केट यार्डात नाव असलेली. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली आणि गणपती पेठेतलं आमचं गोदाम बुडालं. हळद भिजली की बुरशी धरते, रंग जातो, सौद्यात कुणी हात लावत नाही. पूर्वी हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली, हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या पुरात त्यातली बरीच पेवं निकामी झाली, तेव्हापासून आमची सगळी भिस्त गोदामावर. पाणी उतरल्यावर दादा गुडघाभर पिवळ्या चिखलात उभा होता. त्या दिवशी त्याच्यासाठी मी काहीही केलं असतं.

तासगावचा मामा दुसऱ्याच आठवड्यात आला. बेदाण्याचा व्यापारी, हात सढळ. बिनव्याजी देतो म्हणाला, जमेल तसे फेड. दादा त्याच्यासमोर हो हो म्हणाला आणि तो गेल्यावर म्हणाला, "त्याच्या दारात हात पसरायला मी मेलो नाही अजून." मग त्यानं बाहेरून पैसे उचलायला सुरुवात केली. महिना दोन टक्के. म्हणजे वर्षाला चोवीस. अडतीत एवढं सुटत नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. नव्या माणसाच्या पैशातून जुन्याचं व्याज जायला लागलं. लोकांकडून अशा ठेवी घेण्यावर बंदी घालणारा केंद्राचा कायदा त्याच वर्षी आला होता. मी कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करते, ते मी त्याला सांगितलं होतं. तो म्हणाला, "कायदा पुरात आला होता का मदतीला?"

ती रात्र अशी. जेवायची वेळ. दादानं लाल कापडी बांधणीची वही माझ्या ताटाशेजारी ठेवली. नावं पेन्सिलीनं लिहिलेली, काही नुसती खुणेची: "हरिपूरच्या मावशी", "रिटायर गुरुजी", "तोलाईवाला". पुढं रक्कम, त्यापुढं व्याज दिल्याच्या बरोबरच्या खुणा. शेवटच्या पानांवर खुणा विरळ होत गेल्या होत्या. एका ओळीत आमच्याच गोदामात पाठीवर पोती वाहणाऱ्या हमालाचं नाव होतं. मुलीच्या लग्नाला साठवलेले पैसे त्यानं दादाकडं ठेवले होते, कारण दादा कुणाला बुडवणार नाही असं सगळा यार्ड म्हणायचा.

"हे सगळं नीट करून दे," दादा म्हणाला. "ठेव लिहू नकोस. खरेदीपोटी उचल म्हणून टाक, मागच्या तारखांनी."

मी म्हटलं, दादा, ही उचल नाही.

"मला माहीत आहे काय आहे ते. कुणासाठी करतोय मी? माझ्या अंगावर नवा शर्ट दिसलाय का कधी?"

ते खरं होतं. त्यानं स्वतःवर एक रुपया उडवला नव्हता. भाच्याची फी, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, घराचा हप्ता, सगळं वेळेवर. वहिनी पोळी वाढायला आली होती. पोळी हातात तशीच धरून ती म्हणाली, "आमच्यासाठी करताय ना? मग आम्ही नको म्हणतोय. मामांकडं जाऊया, मी येते बरोबर. घर विकूया. पण हे थांबवा."

आई आतून ओरडली, "माणूस जेवायला बसल्यावर हे बोलतात का!" आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वहिनीचाच राग आला. वाटलं, हिला वेळकाळ कळत नाही. दादा खोट्या तारखा घालायला सांगत होता आणि माझा राग होता पोळी वाढणाऱ्या बाईवर. तुम्ही मला स्कायलरबद्दल विचारता तेव्हा मला ते आठवतं.

वही मी लिहिली नाही, मिटून दादाच्या हातात दिली. तो माझ्याशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशी वहिनीनं त्या हमालाला घरी बोलावलं आणि सांगितलं, तुझे पैसे आत्ताच्या आत्ता काढून घे. त्याला मिळाले. पण यार्डात ही बातमी दुपारपर्यंत सगळीकडं झाली. संध्याकाळी आमच्या दारात रांग लागली आणि त्यातल्या बऱ्याच जणांना रिकाम्या हातानं जावं लागलं. पुढं तक्रार झाली, पोलीस आले, वही मागितली तेव्हा कुठं आहे ते मी सांगितलं. केस चालू आहे. वहिनी मिरजेला माहेरी राहते. आई तिचं नाव काढत नाही. आमच्याकडं येणारे-जाणारे अजून म्हणतात, बाईनं घर बुडवलं.

पुरात गोदाम बुडालं ते नदीनं. घर कशानं बुडालं, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

पण वहिनीनं गुरुजींना का नाही सांगितलं, मावशींना का नाही? एकालाच का? तिला विचारलं तर ती म्हणते, तो रोज समोर दिसायचा. रांगेत शेवटी उभ्या असलेल्यांना हे पटणार नाही. मलाही पूर्ण पटत नाही. तिनं तोंड उघडलं नसतं तर आणखी माणसं त्या वहीत आली असती, हेही तितकंच खरं.

मालिकेतला एक प्रसंग मी कितीदा बघितलाय. पाचव्या सीझनच्या मध्यावर स्कायलर वॉल्टरला एका भाड्याच्या गाळ्यात नेते. चादर ओढते. खाली नोटांचा ढीग, पलंगाएवढा. ती सांगते की मोजणं तिनं सोडून दिलंय, आणि विचारते, आणखी किती झाले म्हणजे पुरे? ही बाई पेशानं हिशेबनीस आहे. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला वॉल्टरनं आकडा काढला होता, 7 लाख 37 हजार डॉलर: मुलांचं शिक्षण, घराचं कर्ज, सगळं धरून. त्याच्या कितीतरी पट ढीग समोर असतो. घरासाठी केलेल्या गोष्टीला घर आकडा सांगू शकतं आणि तिथं थांबवू शकतं. वॉल्टर शेवटच्या भागात तिच्यासमोर कबूल करतो की हे त्यानं स्वतःसाठी केलं, त्याला ते आवडत होतं. आमच्या दादाचं म्हणणं बदललेलं नाही. घरासाठीच केलं, असंच तो म्हणतो, आणि मला वाटतं त्याचा त्यावर खरोखर विश्वास आहे.

भाचा दादाचाच मुलगा, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो मालिकेच्या शेवटाकडचा फोनचा प्रसंग पुढं करतो. पोलीस ऐकतायत हे माहीत असताना वॉल्टर स्कायलरला वाट्टेल ते बोलतो, म्हणजे सगळा दोष त्याच्यावर येईल आणि ती सुटेल. बघ आत्या, भाचा म्हणतो, प्रेम होतं त्याचं. मी म्हणते, होतंच, मी कधी नाही म्हटलं? पण त्याच भागात, त्या फोनच्या आधी, त्याचा मुलगा आईच्या पुढं उभा राहून पोलिसांना फोन करतो आणि बाप तान्ह्या मुलीला उचलून पळतो. त्यावर भाचा बोलत नाही. गेल्या सुट्टीत मात्र म्हणाला, आईनं त्या हमालाला सांगायच्या आधी मला सांगायला हवं होतं, मी पप्पांना थांबवलं असतं. तेव्हा तो बारावीत होता. त्याच्यानं दादा थांबला असता असं मला वाटत नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो चिडला. दिवाळीला येईल तेव्हा आमचं भांडण तिथूनच पुढं सुरू होईल.