मांडवा ते पणजी सायकलने: होडीत चाक ठेवण्याआधी भाव ठरवा

आधी चूक सांगतो, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीवर नकाशात फेरीची तुटक रेघ दिसते. तिथे फेरी नाही. तिथे मच्छीमारांच्या चार होड्या आहेत आणि त्यातला एकजण कधी तरी तुम्हाला पलीकडे सोडतो. खाडीचं नाव लिहीत नाही, कारण चारच होड्या आहेत, लगेच कळेल कोण ते.

पुलावरून गेलो असतो तर 28 किलोमीटर जास्त पडले असते. संध्याकाळचे साडेचार वाजले होते. होडीवाल्याला विचारलं, किती? तो म्हणाला, "बसा हो, द्या काय ते." हे वाक्य ऐकलं की मागे फिरायचं, हे मला आता कळतंय. तेव्हा माझं लक्ष भलतीकडे होतं. होडीत बांबूला गुंडाळून ठेवलेलं शिड होतं, जुनं, ताडपत्रीचं ठिगळ लावलेलं. इंजिनाच्या जमान्यात अजून कोणी शिड बाळगतंय म्हणून मी हरखलो. उभारतोस का, म्हणून विचारलं. मतलई वाऱ्यावर, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यावर, पहाटे बाहेर पडायला बरं, डिझेल वाचतं, असं त्याने सांगितलं. मी गप्पा मारत बसलो आणि तेवढ्यात त्याच्या पोराने माझी सायकल उचलून क्रेटवर आडवी टाकली. उजव्या अंगावर. वर पॅनियर, म्हणजे कॅरियरला लटकवायच्या सामानाच्या पिशव्या.

मध्यावर गेल्यावर भाव कळला. माणसाचे शंभर, सायकलचे दोनशे, सामानाचे दोनशे. पाण्याच्या मधोमध काय वाद घालणार? दिले पाचशे.

पण पैसे गेले ते गेले, खरा फटका पलीकडे बसला. उजव्या अंगावर टाकल्यामुळे मागच्या डिरेल्यरचा (साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) हँगर, म्हणजे तो टांगलेला असतो ती पट्टी, वाकला होता. हलक्या गिअरवर टाकलं की साखळी आऱ्यांना घासायची. आणि कोकणातल्या कुठल्याही खाडीतून बाहेर पडलं की काय असतं? चढ. बंदर खाली, गाव त्याच्या डोक्यावर, आणि सगळ्याच्या वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार. तो घाट जेमतेम तीन किलोमीटरचा, पण त्यातला निम्मा मी ढकलत चढलो. अंधार पडला, वरून एसटी आली, ड्रायव्हरने दिवा बारीक केला नाही. मी गटारात उभा राहून तिला वाट दिली आणि मोठ्याने शिव्या दिल्या. कोणाला, ते माहीत नाही.

"किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट" असं ज्याने मला सांगितलं तो मोटारीने गेला असणार. दिवसाला सत्तर किलोमीटर धरा, शंभर नको. हेदवीहून तवसाळला जातानाचे चढ-उतार ठणठणीत सायकलवरही घाम काढतात.

खऱ्या फेऱ्या मात्र उत्तम. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, मग आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेशवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड आणि शेवटी तेरेखोल–केरी. गाड्या चढतात त्यात सायकलही चढते, ढकलत न्यायची, कठड्याला बांधायची, तिकीट चहा-वड्याच्या हिशोबातलं. शेवटच्या फेरीची वेळ मात्र आदल्या गावात फोन करून विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी फार खाली जाते, त्या दिवशी फेरीच्या वेळेवर अडून बसू नका. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, हे लक्षात ठेवलं तर धक्क्यावरची वाट पाहणी कमी होते.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच. हिवाळ्यात दुपारी खारा वारा, म्हणजे समुद्रावरचा वारा, वायव्येकडून येतो, तो गोव्याकडे जाताना उजव्या पाठीमागून ढकलतो. शिडवाल्यांना हे शतकांपासून माहीत आहे, सायकलवाले उगाच गोव्याहून निघतात आणि रडतात.

हर्णैला संध्याकाळी थांबा. होड्या लांब उभ्या, बैलगाड्या पाण्यात उतरून मासळी आणतात, आणि लिलावाचा आवाज सुवर्णदुर्गापर्यंत जावा असा. गणपतीपुळे, मालवण वगैरे छान आहे, त्यावर सगळेच लिहितात. मी तिथे झोपलो.

खाऱ्या पाण्याचं एवढंच: रोज रात्री बादलीभर गोड पाणी साखळीवर ओता, फडक्याने पुसा, तेल द्या. मी एक दिवस कंटाळा केला तर सकाळी साखळी तांबडी झालेली होती. होडीत सायकल आडवी टाकावीच लागली तर डाव्या अंगावर, डिरेल्यर आकाशाकडे. आणि चाक होडीत जाण्याआधी विचारा, "माणूस, सायकल, सामान, सगळं धरून किती?"

पणजीला पोचल्यावर दिवाडी बेटावर गेलो, थकलेलो असूनही. म्हादेई ही शिडाची नौका तिथे बांधली गेली. तीच घेऊन कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये वाटेत फक्त चार बंदरांना थांबून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. बेटावर जायला मांडवी नदी फेरीने ओलांडायची. सायकलचं तिकीट कोणी मागितलं नाही. मी दोनदा विचारलं, फेरीवाला वैतागला.

हँगर घरी आल्यावर बदलला. 350 रुपये. होडीवाल्यापेक्षा दीडशे कमी.