भजन रेकॉर्ड करताना पौलाचे पाच शब्द

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर-चिंचपाड्याकडचे तरुण संघ मावची या आदिवासी बोलीतली ख्रिस्ती भजनं मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकतात. चांगलंच आहे. पण ऐकायला बसलं की ढोलकी कळते, इको कळतो, शब्द मात्र कळत नाहीत. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना सांगतो (1 करिंथ 14:19), मंडळीत न कळणाऱ्या भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द बरे. रेकॉर्डिंगलाही हीच कसोटी लावावी.

आवाज बिघडवतात ते बहुतेकदा छपराचे पत्रे. एक टाळी वाजवा. मागून झणझण आली तर ती जागा सोडा. छोट्या खोलीत गायकाच्या मागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगा. पंखा बंदच हवा, म्हणून मे महिन्यात पहाटे उरका. दुपारी गायकाआधी फोन तापतो. पावसाळ्यात पत्र्याखाली बसूच नका.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. माइक बहुधा खालच्या कडेला असतो. तो तोंडापासून वीतभर, पण थोडा बाजूला धरा. समोर धरला तर 'प्रभू'तल्या 'भ'चा फुंकारा थेट आत जातो. ढोलकी सहा-सात फूट मागे. ती जवळ असली की फोन प्रत्येक थापेला आवाज आपोआप खाली ओढतो आणि त्याबरोबर गाणाराही बुडतो. ॲपमध्ये ऑटो गेन, म्हणजे ही आपोआप वर-खाली करण्याची सोय, बंद करता येत असेल तर करा आणि सर्वांत मोठा आवाज ॲपच्या मीटरवर उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

ॲपच्या सेटिंगमध्ये फाइल वेव्ह (WAV), मोनो, 48 किलोहर्ट्झ, 16 बिट ठेवा. मिनिटाला साधारण 6 एमबी लागतात, म्हणजे चार मिनिटांचं भजन 24 एमबीच्या आत. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

इको टाकण्याआधी एक करा. ते भजन कधीच न ऐकलेल्या मावची माणसाला साध्या फोनच्या स्पीकरवर पहिलं कडवं ऐकवा आणि शब्द म्हणून दाखवायला सांगा. अडखळला तर पुन्हा रेकॉर्ड करा.

मराठी गीत घेतलंत तर हक्क तपासा. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 साली वारले. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, त्यामुळे त्यांचे शब्द मोकळे आहेत. पण दुसऱ्या कोणाच्या सीडीवरचं संगीत उचलून त्यावर गाणं वेगळं. 'चोरी करू नको' तिथेही लागू होतं.