पिंडस पर्वतातला आंबटपणा

ग्रीसच्या वायव्य कोपऱ्यातला एपिरस हा प्रदेश पिंडस पर्वताने इतका व्यापलेला आहे की तिथे द्राक्षवेलींना सपाट जमीन क्वचितच मिळते, आणि तिथल्या वाइनचा स्वभाव मला तरी या अडचणीतूनच घडलेला वाटला.

योआनिना शहराजवळच्या झित्सा गावात, सुमारे ६०० ते ७०० मीटर उंचीवर, देबिना नावाचे पांढरे द्राक्ष पिकते. रात्री गारठा असल्यामुळे त्यात साखर बेताची राहते आणि आंबटपणा टिकून राहतो. म्हणूनच त्यापासून हलकी, फेसाळती वाइनही केली जाते. इंग्रज कवी बायरन १८०९ मध्ये या गावच्या मठात मुक्कामाला होता. पहिला घोट मला हिरव्या सफरचंदासारखा, काहीसा अंगावर येणारा वाटला आणि ही वाइन आपल्यासाठी नव्हे, असे मी मनाशी ठरवूनही टाकले.

ते मत झागोरीत बदलले. तिथे विकोस दरीच्या आसपास दगडी छपरांची ४६ गावे वसलेली आहेत आणि २०२३ पासून या भूप्रदेशाचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. किपी गावाजवळचा १७५० सालचा एककमानी कोक्कोरोस पूल पाहून आम्ही जेवायला बसलो, तेव्हा समोर आलेव्रोपिता आली. आलेव्री म्हणजे पीठ. पीठ, अंडी आणि फेटा चीज यांचे पातळ मिश्रण लोणी लावलेल्या मोठ्या ताटात ओतून कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजतात. पापुद्रे लाटण्याचा खटाटोप नाही. त्या खारट, तुपकट घासावर देबिनाचा घोट घेतला आणि तिच्या आंबटपणाचे प्रयोजन लक्षात आले.

मेत्सोवोला, हजार मीटरहून अधिक उंचीवर, राजकारणी एव्हान्गेलोस आवेरोफ यांनी फ्रान्समधून आणलेल्या काबेर्ने सोव्हिन्यों द्राक्षाची लागवड केली होती. उशिरा पिकणारे हे द्राक्ष इतक्या थंडीत लावणे हे मोठेच धाडस होते, आणि मी चाखलेल्या वाइनमध्ये ढोबळ्या मिरचीसारखा हिरवट वास जाणवलाही. खरे सांगायचे तर मला तिच्यापेक्षा ‘मेत्सोवोने’ हे गावाचेच नाव मिरवणारे चीज अधिक आवडले. गरम पाण्यात ताणून आकार दिलेले आणि नंतर धुरी दिलेले हे चीज निखाऱ्यावर भाजून वाढतात. त्याचा एक न भाजलेला तुकडा मी कागदात गुंडाळून सोबत घेतला. योआनिनाला परतेपर्यंत अर्ध्या बसला धुराचा वास येत होता.