तीस तारखेपर्यंत वाळतील का?

मराठवाड्याच्या नैऋत्य कडेला, सीना नदीच्या खोऱ्याजवळच्या एका गावी कॅथलिक धर्मगुरूंच्या संस्थेचे महाविद्यालय आहे. तेथे मी सतरा वर्षांपासून कार्यालय अधीक्षक म्हणून काम करते. प्रवेश, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती आणि दाखले ही माझी नेमून दिलेली कामे. त्यांखेरीज एक काम कोणी न सोपवता माझ्याकडे आले आणि कायमचे राहिले, ते म्हणजे सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळातील कार्यक्रमांचे आणि सूचनांचे पत्रक काढणे. हे काम मला मनापासून आवडते, आणि २३ सप्टेंबर २०२५ या दिवसाबद्दल लिहावेसे वाटते तेही त्या पत्रकामुळेच.

आमच्या आवारात शरद ऋतू हा वर्षातला सर्वांत गजबजलेला काळ असतो. मराठवाड्यातील कॅथलिक समाज मुळात लहान आहे. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापनाच १९७७ सालची. आमच्या विद्यार्थ्यांत कॅथलिक कुटुंबांतील मुले बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सारी परंडा, भूम, वाशी भागातील शेतकऱ्यांच्या आणि ऊसतोड कामगारांच्या घरांतली. त्यामुळे पत्रकात दोन पंचांगे शेजारी नांदतात. १ सप्टेंबरला सृष्टीसाठी प्रार्थनेचा काळ सुरू होतो आणि तो ४ ऑक्टोबरला, असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या सणाला संपतो. त्या दरम्यान १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, २४ सप्टेंबरचा राष्ट्रीय सेवा योजनेचा स्थापना दिन आणि नवरात्र येते. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना असल्याने सिस्टर रोज सायंकाळी प्रार्थना घेतात, तर त्याच महिन्यात ३ तारखेला अभिजात मराठी भाषा दिवस आणि १५ तारखेला वाचन प्रेरणा दिन असतो. दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास २ नोव्हेंबर येतो, त्या दिवशी साऱ्या मृतांसाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य सामुदायिक उपासना, अर्पण होते आणि त्याआधी आठवणीतल्या माणसांची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या कार्यालयाबाहेरच्या पेटीत गोळा केल्या जातात. पितृपक्ष नुकताच सरलेला असतो म्हणून की काय, पण त्या पेटीत चिठ्ठी टाकताना आमच्या हिंदू मुलांनाही काही वेगळे वाटत नाही.

गेल्या वर्षी तर पत्रक नेहमीपेक्षा भरगच्च झाले होते. ख्रिस्तसभेचे, म्हणजे कॅथलिक चर्चचे, ज्युबिली वर्ष (साधारणतः दर पंचवीस वर्षांनी येणारे पवित्र वर्ष) चालू होते आणि त्याचे ब्रीद ‘आशेचे यात्रिक’ हे होते. विद्यापीठ कशासाठी असते या विषयावर १८५२ साली डब्लिन येथे व्याख्याने देणारे संत जॉन हेन्री न्यूमन यांना ‘ख्रिस्तसभेचे आचार्य’ ही थोर शिकवणीसाठी मोजक्या संतांना मिळणारी पदवी देण्याचा निर्णय रोममधून ३१ जुलैला जाहीर झाला होता, म्हणून त्यांच्या सणाला, ९ ऑक्टोबरला, बाहेरगावच्या एका प्राध्यापकांचे व्याख्यान ठरले होते. शिवाय ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राला २८ ऑक्टोबरला ६० वर्षे पूर्ण होत होती. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतून १९६५ साली निघालेला हा छोटासा दस्तऐवज अन्य धर्मांकडे कॅथलिकांनी कोणत्या दृष्टीने पाहावे हे सांगतो आणि त्यात हिंदू, बौद्ध व इस्लाम धर्मांचा उल्लेख आदराने केलेला आहे. प्राचार्य फादरांना तो अत्यंत प्रिय. सुट्टीमुळे त्यावरचे चर्चासत्र आम्ही नोव्हेंबरमध्ये ठेवले होते.

हे सर्व पत्रकाच्या वरच्या पाऊण भागात होते. खालच्या चौकटीत, बारीक अक्षरांत, माझ्या खात्याची सूचना होती: परीक्षा अर्ज मूळ कागदपत्रांसह ३० सप्टेंबरपर्यंत सादर करावेत, त्यानंतर विलंब शुल्क आकारले जाईल. सतरा वर्षे मी हीच मांडणी करत आले होते.

सोमवारी २२ तारखेला घटस्थापना होती. मी घरचे घट बसवून दुपारी कार्यालयात आले, शेवटचे मुद्रित तपासले आणि छापखान्याला ६०० प्रतींचा होकार कळवला. पाऊस दोन दिवसांपासून थांबला नव्हता. दुपारनंतर बातम्या येऊ लागल्या, की सीनाकाठची गावे वेढली गेली आहेत आणि परंडा तालुक्यात अडकलेल्या लोकांना काढण्यासाठी हेलिकॉप्टर आले आहे. ज्या भागात मे महिन्यात टँकरची वाट पाहण्यात आमचे आयुष्य गेले, त्या भागात लोकांना पत्र्यावरून उचलून न्यावे लागत होते. रात्रभर वर्गांच्या व्हॉट्सॲप गटांवर मुलांचे निरोप येत राहिले आणि पहाटेकडे ते एकेक करून थांबले. मोबाइल चार्ज करायला वीज नव्हती, हे दुसऱ्या दिवशी कळले. त्या रात्री मात्र ती शांतता फार वाईट वाटली.

मंगळवारी सकाळी एकही एसटी आली नाही. छापखान्यातला मुलगा तेवढा स्कूटरवरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गठ्ठा घेऊन आला. आमचे शिपाई मामा एक प्रत सूचनाफलकावर लावत होते, इतक्यात बीएस्सी द्वितीय वर्षाची एक मुलगी वडिलांबरोबर आत आली. आदल्या दिवशी दुपारी त्यांना गावातून बाहेर काढले होते आणि इथे एका नातलगाकडे त्यांची रात्र गेली होती. वडील दारातच थांबले, कारण त्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि फरशी खराब होईल असे त्यांना वाटत होते. मुलीच्या हातात युरियाची रिकामी गोणी होती. ती तिने माझ्या टेबलावर न ठेवता खाली ठेवली आणि उघडली. आत दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचे पासबुक होते. सगळे मिळून एकच ओला लगदा झाल्यासारखे दिसत होते.

“पेटी वरच्या फळीवर ठेवलती, मॅडम,” वडील दारातून म्हणाले, “पण पाणी तिथवर आलतं.”

मला वाटले होते, ती मदतीची चौकशी करील, राहण्याची सोय विचारील. तिने फलकाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मॅडम, हे तीस तारखेपर्यंत वाळतील का?”

मी खुर्चीवरून उठले, आणि काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. रात्रीतून घर गेलेल्या मुलीला सर्वांत मोठी धास्ती माझ्या त्या बारीक अक्षरांतल्या चौकटीची होती. बाकी सारे पत्रक तिच्या लेखी नव्हतेच.

ग्रंथालयाच्या सिस्टरांना मी बोलावून घेतले. त्यांना भिजलेली पुस्तके वाचवण्याचे ज्ञान होते आणि पुढचे दोन तास मी त्यांच्या हाताखाली काम केले. त्यांनी पहिल्यांदा इस्त्रीला आणि उन्हाला मनाई केली, कारण घाईने वाळवलेला कागद वेडावाकडा आकसतो. वर्तमानपत्रालाही मनाई केली, कारण त्याची शाई ओल्या कागदावर उतरते. कोरे पांढरे कागद आणायचे, लगद्याची कड जिथे आपोआप सुटेल तिथून चपट्या पट्टीने हळूच एकेक पान उचलायचे, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवायचे, तळहाताने न घासता नुसते दाबायचे आणि दर अर्ध्या तासाने कोरे कागद बदलायचे. पान सुटत नसेल तर ते तसेच ठेवायचे. ओढले की फाटलेच. लॅमिनेट केलेल्या गुणपत्रिकेत कडेने पाणी शिरले होते, तिची एक बाजू कात्रीने कापून हवेला वाट द्यावी लागली.

कोणता कागद टिकतो हेही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले. लेझर प्रिंटरवर छापलेली अक्षरे जशीच्या तशी राहिली होती, इंकजेटची रंगीत प्रत पसरून गेली होती, बॉलपेनने लिहिलेले वाचता येत होते आणि जेल पेनने लिहिलेले पूर्ण धुऊन गेले होते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कोणा गुरुजींनी सुरेख अक्षरात, पण जेल पेनने नोंदी केल्या होत्या. जन्मतारखेच्या रकान्यात फिकट निळा डाग तेवढा उरला होता.

दुपारपर्यंत आणखी मुले आली. कोणी नातलगांकडे उतरलेली, कोणी तात्पुरत्या निवाऱ्यातून चालत आलेली, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात अशीच एखादी पिशवी. ग्रंथालयातली टेबले पुरेनात. तेव्हा प्राचार्य फादरांनी प्रार्थनालय उघडले. तिथे इन्व्हर्टरवर चालणारे पंखे आहेत, वर्दळ नसते आणि बाकांची लांबच लांब फळकुटे आहेत. संध्याकाळपर्यंत सव्वीस जणांचे कागद तिथे मांडले गेले. वेदीपासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना दाखले, सातबारा, शिधापत्रिका आणि कोणाच्या बहिणीच्या लग्नाचा एक फोटो. प्रत्येक बाकावर आम्ही नावाची चिठ्ठी चिकटवली. संगणक विभागाच्या सरांनी तिथेच लॅपटॉप मांडून डिजिलॉकरमधून गुणपत्रिका काढून देण्यास सुरुवात केली, तेव्हा निम्म्या मुलांचे चेहरे सैल झाले. ज्या सोयीबद्दल मी चार वर्षे फलकावर सूचना लावत होते आणि कोणी वाचत नव्हते, ती सोय त्या दिवशी शेजारी बसून दाखवल्यावर दहा मिनिटांत मुलांच्या अंगवळणी पडली.

रात्री आठ वाजता आम्ही पाच जण पत्रकाचा विचार करायला बसलो. सेवा योजनेच्या सरांचे म्हणणे होते, की सर्व कार्यक्रम रद्द झाल्याची एक ओळ काढावी. मला ते पटले नाही आणि मी तसे स्पष्ट बोलले. ‘सर्व कार्यक्रम रद्द’ एवढेच वाचणाऱ्या मुलाला महाविद्यालय बंद पडल्यासारखे वाटते, आणि घरी चूल बंद असताना त्याच्यापुढे तेही वाढून ठेवणे बरे नव्हे. फादर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी न्यूमन यांच्या व्याख्यानावर स्वतःच्या हाताने काट मारली आणि पाहुण्यांचा प्रवासखर्च व मानधन परीक्षा शुल्काकडे वळवण्यास सांगितले. ते व्याख्यान त्यांनी जुलैपासून मनात धरले होते, हे मला ठाऊक आहे.

उरलेले पत्रक आम्ही नव्याने लिहिले. सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत: कागदपत्रे भिजली असली तरी अर्ज भरता येईल, मूळ प्रती नंतर दाखवाव्यात, महाविद्यालयाकडून कोणतेही विलंब शुल्क घेतले जाणार नाही. त्याखाली, ओले कागद कसे हाताळावेत याच्या चार ओळी. अभिजात मराठी भाषा दिवसाची वक्तृत्व स्पर्धा काढून त्या जागी मराठी विभागाने अर्ज लेखनाचा वर्ग ठेवला, ज्यात पंचनाम्यासाठी तलाठ्याला आणि दुय्यम दाखल्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज कसा लिहावा हे शिकवायचे होते. मराठीचा गौरव करण्याचा याहून चांगला मार्ग मला आजही सुचत नाही. ४ ऑक्टोबरला नदीकाठी झाडे लावायची होती, पण तो काठच वाहून गेला होता. तेव्हा सकाळी एका जिल्हा परिषद शाळेतील गाळ काढायचा आणि नंतर काठावर प्रार्थना करायची असे ठरले. ‘नोस्त्रा एताते’चे चर्चासत्र फादरांनी तसेच ठेवले. २ नोव्हेंबरच्या चिठ्ठ्यांची सूचनाही राहू दिली.

छापखाना बंद होता. म्हणून ६०० जुन्या प्रतींच्या कोऱ्या मागच्या बाजूवर आमच्याच यंत्रावर नवीन पत्रक छापले आणि रात्री साडेअकराला मामांनी फलकावरची प्रत उलटी करून लावली.

त्या मुलीचा अर्ज २९ तारखेला भरला गेला. त्या आधी, २७ आणि २८ ला, पुन्हा अतिवृष्टी झाली आणि वाळलेले कागद आम्हाला कपाटात हलवावे लागले. तिच्या शाळेतही पाणी शिरले होते, पण जनरल रजिस्टर उंचावरच्या कपाटात असल्याने वाचले आणि दसऱ्यानंतर मुख्याध्यापकांनी नवा दाखला बॉलपेनने लिहून दिला.

चिठ्ठ्यांची पेटी मी ३ ऑक्टोबरला उघडून पाहिली. इतर नावांबरोबर एका वहीच्या पानावर ‘सर्जा, बैल, दावणीलाच गेला’ एवढेच लिहिलेले होते. ही चिठ्ठी मृतांच्या मिस्सेत वाचता येईल का, असे मी फादरांना विचारले. त्यांनी ती हातात घेऊन दोनदा वाचली आणि म्हणाले, “ही नोव्हेंबरपर्यंत कशाला थांबवायची? उद्या फ्रान्सिसबाबांचा सण आहे. जगभर त्या दिवशी जनावरांना आशीर्वाद देतात.” दुसऱ्या दिवशी गाळाने भरलेल्या हातांनी आम्ही साठ-सत्तर जण सीनेच्या काठावर उभे होतो. फादरांनी वाहून गेलेल्या जनावरांसाठी प्रार्थना केली आणि ती चिठ्ठी वाचली. ती वाचून झाल्यावर मागे उभ्या असलेल्या मुलांपैकी एकाने आपल्या म्हशीचे नाव सांगितले, मग दुसऱ्याने गाईचे, आणि नावे संपेपर्यंत आम्ही तिथून हललो नाही.