थाळनेरच्या नाक्यावर मोडलेला खेळ

जळगावात आमच्या घरी दोन वर्षांपासून महिन्यातून दोन रविवारी टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम चालतो. एक जण गेम मास्टर होऊन प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते बोलतात आणि यशाची खात्री नसेल तिथे २० बाजूंचा फासा टाकतात. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी बाजारात आणलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासून हा प्रकार रुळला. त्याच्या पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम फुकट मिळतात, तेच आम्ही वापरतो. फासे मात्र बाहेरून मागवावे लागले. ते परातीत टाकले की अर्धी गल्ली जागी होते, म्हणून परातीत पंचा अंथरतो.

ड्रॅगन आमच्या मंडळींना परके वाटतील, म्हणून मी कथा फारुकी सुलतानांच्या खानदेशात आणली. मलिक राजाने थाळनेरला सत्ता उभी केली. त्याचा मुलगा नसीर खान याने असीरगड घेतला आणि तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले. डोल्यांत घरच्या बायका आहेत असे भासवून त्याने असीरगडाचा तेव्हाचा धनी आसा अहिर याच्या गडावर सैनिक घुसवले, असे सांगतात. इतका मसाला घरातच असताना बाहेर कशाला जायचे? बुऱ्हाणपूरहून सुरतेकडे कापड घेऊन निघालेला तांडा आणि खेळाडू त्या तांड्यातली माणसे, अशी सुरुवात ठरली.

खेळाडू पाच होते: धाकटा मावसभाऊ, शाळेत शिकवणाऱ्या आणि हौशी नाटकांत कामे केलेल्या वहिनी, मेडिकल दुकान चालवणारा मित्र, इंजिनिअरिंगला असलेली भाची आणि माझा एक सहकारी. पहिली बैठक नवलाईवर निभावली. दुसऱ्या बैठकीत तांडा थाळनेरच्या जकात नाक्यावर अडला. मी नाकेदार झालो आणि अहिराणीत विचारले, "गाडीमा काय शे?" वहिनी तांड्याच्या दुभाषी होत्या. त्यांनी लेकीच्या लग्नाचा बहाणा केला, मग दिवंगत नवऱ्याची आठवण काढली, मग त्या नाकेदाराच्याच आईची चौकशी करू लागल्या. मला उत्तरे सुचेनात इतके ते सुंदर चालले होते. वीसेक मिनिटे झाली असतील. मावसभावाच्या हातात मोबाइल आला होता, हे मी पाहिले आणि दुर्लक्ष केले. मग त्याने मोबाइल खाली ठेवला, "मी त्याला तलवार मारतो," असे म्हणून फासा टाकला आणि १९ पडले. नाकेदार मेला. वहिनी "बरं" एवढेच म्हणाल्या आणि चहा टाकायला उठल्या. मेडिकलवाल्याने तलवार म्यानात असताना अचानक वार करता येतो का, यावर नियम शोधायला घेतले, त्यात पंधरा मिनिटे गेली. भाची त्या संध्याकाळी एक शब्दही बोलली नाही.

मी आधी मनातल्या मनात सगळा दोष मावसभावाला दिला. तिसऱ्या बैठकीत प्रत्येकाला वाटणी करून दिली: त्याला मारामारी, वहिनींना संवाद, भाचीला कोडे. तो प्रयोग तर अधिकच फसला, कारण एकाची पाळी चालू असताना बाकीचे चौघे पंगतीत वाढप्याची वाट पाहावी तसे बसून होते.

त्यानंतर खेळ थांबवून नुसते बोलायचे ठरवले. जाणकार याला सेशन झिरो म्हणतात आणि तो खेळाच्या आधी घेतात. आम्ही तीन बैठका वाया घालवून घेतला. थंडीचे दिवस होते, भरीत आणि कळण्याची भाकरी असा बेत होता. "तुम्हाला खेळात काय आवडते?" या माझ्या प्रश्नावर सगळ्यांचे एकच उत्तर आले, "काहीही चालेल." मग मी विचारले की, घरी गेल्यावर खेळातले काय कोणाला सांगितलेत? इथे गाडी पुढे सरकली. मावसभावाने बायकोला लढाई सांगितलीच नव्हती. नाकेदार वहिनींना उर्मटपणे बोलत होता आणि आपण रखवालदार असून नुसते उभे होतो, हे सांगितले होते. मेडिकलवाल्याने दुकानातल्या पोऱ्याला १५ किंवा जास्त पडण्याची शक्यता समजावली होती: २० पैकी ६ बाजू, म्हणजे ३० टक्के. भाचीने वहीत तापीच्या उताराचा नकाशा काढला होता. तांड्याचा बैल बुडताना मी रंगवून सांगितले, ते तिला सोसले नव्हते, हेही तेव्हाच कळले. वहिनींनी कोणालाच काही सांगितले नव्हते.

ठरले ते असे. एक जण बोलणी करत असेल तर त्याच्या संमतीवाचून दुसऱ्याने शस्त्र काढायचे नाही. मात्र त्या वेळी रखवालदाराला पाहण्यासारखे काहीतरी देणे, उदाहरणार्थ गाडीमागे सरकणारी दोन माणसे, ही माझी जबाबदारी. नियमाचा वाद एका मिनिटात मी मिटवायचा आणि मेडिकलवाल्याने खरा नियम नंतर शोधून पुढच्या वेळेपासून लावायचा. लढाईतल्या पाळ्यांची नोंदही त्याच्याकडेच. पत्त्यांतला जोकर टेबलावर ठेवायचा, त्याला कोणी हात लावला की कारण न विचारता प्रसंग बदलायचा. सहकाऱ्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. शेवटी जिंकते कोण, हे त्याला हवे होते आणि या खेळात ते नसते. तो आता येत नाही; आम्ही दोघे कॅरम खेळतो आणि ते दोघांनाही बरे पडते.

गेल्या मे महिन्यात उकाड्यामुळे रात्री गच्चीवर बसलो होतो. तांडा नंदुरबारच्या नाक्यावर पोहोचला आणि तिथला नाकेदार थाळनेरच्या मेलेल्या नाकेदाराचा भाऊ निघाला. वहिनी बोलू लागल्या. गाडीमागे कोणीतरी हललेले मावसभावाने ओळखले, त्याने मुठीवर हात ठेवल्याचे सांगितले आणि वहिनींकडे पाहिले. "थांबा भाऊजी," त्या म्हणाल्या. भाचीने नकाशावर नाल्याची वाट दाखवली, मेडिकलवाल्याने हळूच सांगितले की किमान १३ हवेत. वहिनींनी फासा टाकला आणि ४ पडले. कोणीच मोबाइलला हात लावला नाही, मावसभावाने पात्राचा कागद पुढे ओढला आणि विचारले, "वहिनी, आता?"