मी शब्द बदलला

आषाढी आठ दिवसांवर आली होती. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपुढे पंधरा-वीस माणसांची रांग, आणि त्या रांगेत मी. मला कुठलीच गाडी धरायची नव्हती. 'पंढरपूरची जादा गाडी किती वाजता?' एवढं विचारायचं आणि 'पंढरपूर' या शब्दावर मुद्दाम अडखळायचं, एवढ्यासाठीच मी आले होते. स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करायला लागून मला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. दहा पावलांवर खांबाला टेकून माझा पेशंट उभा होता.

तो सव्वीस वर्षांचा, बोलताना अडखळणारा. घरचं कृषी सेवा केंद्र. नाव 'प'वरून सुरू होतं. त्याच्या परवानगीने लिहीत असले तरी नाव देत नाही, पण ते अक्षर महत्त्वाचं आहे. लहानपणी आईने वेखंड उगाळून चाटवलं, कुणी अक्कलकाढा आणून दिला, एका मास्तरांनी तोंडात गोट्या ठेवून धडे वाचायला लावले. आणि भेटेल तो सांगायचा, 'घाबरू नकोस रे, सावकाश बोल.'

पहिल्या भेटीत मला वाटलं होतं, त्रास किरकोळच आहे. अर्ध्या तासात तो फारसा अडकला नव्हता. मग लक्षात आलं की दुकानाबद्दल सांगताना तो 'फवारणीचं यंत्र' म्हणतोय, पोटॅशला 'ते लाल खत' म्हणतोय. खतं-औषधं विकणारा माणूस पंपाला पंप म्हणत नाही? मी सरळ विचारलं. तो बराच वेळ टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"मॅडम, शब्द लांबूनच दिसतो. गाडीवर असताना गतिरोधक दिसतो तसा. मग मी आधीच वळतो."

"आणि नाव विचारलं तर?"

"नावाला आडवाट नाही." हे वाक्य त्याने न अडखळता म्हटलं, आणि मान खाली घातली.

त्या दिवशी मी त्याला वर्तमानपत्रातला एकच परिच्छेद पाच वेळा मोठ्याने वाचायला दिला. दर खेपेला अडखळणं कमी होत गेलं. मग आम्ही दोघांनी एका सुरात वाचलं, तर एकदाही नाही. गावात संध्याकाळी हरिपाठाला बसतो तेव्हाही कधी अडत नाही, असं तो म्हणाला. एकटा असताना म्हशीशी बोलतो, तेव्हाही नाही. मी फक्त मोबाइल समोर ठेवून म्हटलं, "आता रेकॉर्ड करते." पहिल्याच ओळीत ओठ घट्ट मिटले, जबडा थरथरला, डोळे बंद झाले आणि उजवा हात मांडीवर आपटायला लागला. ओठ तेच, जीभ तीच, कागदही तोच. कुणीतरी ऐकतंय, एवढंच काय ते नवीन होतं. २०२१ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी अडखळणाऱ्या २४ प्रौढांचं एकांतातलं बोलणं तपासलं. आपलं कुणी ऐकत नाही अशी खात्री असताना ती माणसं जवळजवळ अडखळलीच नाहीत.

म्हणजे सगळा भीतीचाच खेळ का? पालक मला हे नेहमी विचारतात, आणि मी प्रत्येक वेळी कळकळीने सांगते, नाही. तोतरेपणा बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो, घराण्यातून येऊ शकतो, बोलण्याची जुळणी करणाऱ्या मेंदूच्या भागांत फरक दिसतात. त्यात मुलाचा दोष नसतो आणि आईचाही नसतो. भीती नंतर येते. पण ती आली की माणूस स्वतःच्याच तोंडावर पहारा बसवतो. प्रत्येक शब्द बाहेर पडण्याआधी तपासायचा, धोक्याचा वाटला तर बदलायचा, तेही समोरच्याला न कळू देता. बोलायला लागणारी ताकद त्यातच संपते.

यावर एक जुना उपाय आहे. जे लपवायचं तेच मुद्दाम करायचं, चारचौघांत, डोळे उघडे ठेवून. अमेरिकेतले वाचातज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर स्वतः अडखळत बोलायचे. त्यांनी हा उपाय थेरपीत रुजवला. मी माझ्या पेशंटला दोन आठवडे हे समजावत होते. शेवटी तो म्हणाला, "आधी तुम्ही करून दाखवा." त्याचं बरोबरच होतं.

तर मी रांगेत होते. पुढची माणसं कमी होत गेली तसे माझे तळवे ओले व्हायला लागले. मागे बोचकं घेतलेल्या एक आजी, त्यांच्यामागे कॉलेजची दोन पोरं. मनात सारखं, आता हे लोक बघणार. मी खिडकीशी पोचले, आतल्या माणसाने मान वर न करता "हं, बोला" म्हटलं, आणि माझ्या तोंडून निघालं, "एकादशीच्या जादा गाड्या किती वाजता?"

स्वच्छ, खणखणीत. 'पंढरपूर' नावालाही नाही.

मी मागे फिरले. खांबापाशी तो माझ्याकडे टक लावून बघत होता. "मॅडम, तुम्ही शब्द ब-ब-बदललात."

अडखळताना त्याने डोळे मिटले नाहीत, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

१९३९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने एका अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर केलेला प्रयोग मी शिकताना वाचला होता. नीट बोलणाऱ्या काही मुलांना सांगत राहिले की तुमचं बोलणं बिघडलंय, अडखळण्यापेक्षा गप्प बसा. २००१ मध्ये विद्यापीठाने त्याबद्दल माफी मागितली. त्या धाकाने ती मुलं तोतरी झाली नाहीत. ती बोलायला बिचकू लागली, मिटून गेली. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. त्या खांबाशी उभी राहिले तेव्हा ते मला कळलं. माझ्या जिभेला काही झालेलं नव्हतं, तरी भीतीने माझ्याकडून एक शब्द काढून घेतला होता. त्याच्याकडून ती वीस वर्षं रोज काढून घेत होती.

मी परत रांगेत लागले. या वेळी ओठ मिटले आणि मिटलेले ठेवले. "प... प-प-पंढरपूरची गाडी?" आतल्या माणसाने मान वर केली. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. एक बाई म्हणाल्या, "सावकाश बोल गं बाई." माझे कान तापले होते.

मग तो गेला. त्याचा अडथळा मुद्दामचा नव्हता, खराच आला. मला लांबून जबड्यावरून कळलं. पण हात मांडीवर आपटला नाही. त्याने ओठांवर जोर दिला नाही, थांबला, खिडकीतल्या माणसाकडे बघत राहिला आणि हळूच सोडला, "पं-पं-पंढरपूर. किती वाजता?"

"साडेअकरा. चार नंबर फलाट."

झालं होतं काम. मी निघणार, तर तो तिथेच उभा. ठरवलेलं नसताना त्याने आणखी विचारलं, "आणि प-प-परतीची?"

पुढच्या भेटीचा केस पेपर माझ्याकडे आहे. पहिल्या वेळी त्याचं अडखळणं शंभर अक्षरांमागे ४ होतं. या पेपरवर ते ९ आहे, आणि नुसता आकडा बघणारा म्हणेल की पेशंट बिघडला. म्हणून मी समासात शब्द लिहून ठेवलेत. पंप, पोटॅश, पावती, पाऊस. खाली त्याचं स्वतःचं नाव, दोनदा.